लॅपटॉप जुना झाला, हे ठरवणार कोण?



गेल्या काही महिन्यांत एकच प्रश्न मला डझनभर कार्यकर्त्यांनी विचारला आहे. "दादा, लॅपटॉप जुना आहे, चालतच नाही. विकू की टाकून देऊ?" माझे उत्तर ठरलेले आहे. आधी त्यावरची ऑपरेटिंग सिस्टीम बदलून पाहा, मग भंगारवाल्याला हाक मारा. पण हे उत्तर एका वाक्यात संपत नाही. कोणती सिस्टीम, कोणासाठी, आणि मुळात दुसऱ्याने टाकलेल्या वस्तूवर आपण एवढी मेहनत का घ्यावी, हे सगळे त्यात येते. म्हणून हा लेख.

आधी 'जुना' या शब्दाचा हिशेब करू. १४ ऑक्टोबर २०२५ रोजी मायक्रोसॉफ्टने विंडोज १० चे नियमित सुरक्षा अपडेट थांबवले. काही अटींवर वर्षभराची वाढीव मुदत दिली, एवढेच. पुढची विंडोज ११ अधिकृतपणे टाकायची तर किमान ४ जीबी रॅम, ६४ जीबी जागा आणि टीपीएम २.० ही सुरक्षा सोय लागते. इंटेलचा प्रोसेसर असेल तर साधारण आठव्या पिढीचा किंवा त्यानंतरचा हवा, म्हणजे २०१७ च्या अखेरीपासूनचा. आता २०१५ साली कुणी हप्ते फेडून घेतलेला लॅपटॉप डोळ्यासमोर आणा. पडदा शाबूत, कीबोर्ड शाबूत, चार्जर लावला की चालू होतो. तरीही एका तारखेनंतर तो 'जुना' झाला. ही तारीख यंत्राने ठरवली नाही, यंत्र विकत घेणाऱ्यानेही ठरवली नाही. मग ती आपण डोळे झाकून का मान्य करायची?

आमच्या कल्याणपलीकडच्या वस्तीत विहाराला लागून एक अभ्यासिका आहे. तिथे दोन यंत्रे आली. एक बँकेतून निवृत्त झालेल्या काकांनी दिलेला लॅपटॉप : ६४ बिटचा ड्युअल कोर प्रोसेसर, २ जीबी रॅम, ३२० जीबीची फिरती हार्डडिस्क. दुसरा २००९ च्या सुमाराचा, वहीएवढा छोटा नेटबुक : १ जीबी रॅम आणि प्रोसेसर फक्त ३२ बिटचा. पहिला सुरू व्हायला पाच मिनिटे घ्यायचा आणि ब्राउझर उघडला की गप्प बसायचा. दुसरा सुरूच राहायला तयार नव्हता. दुरुस्तीवाल्याने दोन्हींकडे पाहून मान हलवली आणि नव्या लॅपटॉपचे हप्ते सांगितले.

ही यंत्रे आम्हाला कशासाठी हवी होती, तेही सांगतो. आपल्या पोरांच्या हातात मोबाइल आहे, त्यामुळे संगणकाची गरज उरली नाही असे अनेकांना वाटते. ज्याने मोबाइलवर स्पर्धा परीक्षेचा अर्ज भरला आहे, फोटो आणि सही ठरावीक केबीत बसवली आहे, महाडीबीटीवर शिष्यवृत्तीची कागदपत्रे चढवली आहेत, त्याला विचारा. शेवटी सगळे सायबर कॅफेतच जातात. तिथे प्रत्येक अर्जाचे पैसे द्यावे लागतातच. त्याहून मोठी किंमत वेगळीच आहे. आधार कार्ड, जातीचा दाखला, बँकेचे पासबुक, गुणपत्रिका हे सगळे स्कॅन होऊन परक्या संगणकाच्या डेस्कटॉपवर पडून राहते. पासवर्ड दुकानदाराच्या वहीत लिहिलेला असतो. आपली कागदपत्रे आपल्याच यंत्रात असावीत, ही काही चैन नव्हे. अभ्यासिकेला संगणक हवा होता तो यासाठी.

आता मूळ मुद्द्याकडे येऊ. सिस्टीम निवडण्याआधी यंत्राला काय झाले आहे ते पाहा. लॅपटॉप मंद होण्याची कारणे तीनच असतात : रॅम अपुरी, डिस्क संथ किंवा प्रोसेसर दुबळा. प्रोसेसर बहुधा बदलता येत नाही. पहिल्या दोन गोष्टी बहुतेक जुन्या लॅपटॉपमध्ये एका स्क्रूड्रायव्हरने बदलता येतात. फिरती हार्डडिस्क काढून साधी साटा एसएसडी बसवली की जो फरक पडतो, तो कुठल्याही सिस्टीमने पडत नाही. आम्ही लॅमिंग्टन रोडवर फिरून काकांच्या लॅपटॉपसाठी छोटी एसएसडी आणि वापरलेली २ जीबी रॅमची पट्टी घेतली. वर्गणी काढली, पावती अभ्यासिकेच्या फायलीत लावली. एकूण रॅम झाली ४ जीबी. जाता जाता पंख्यातली धूळ काढली. बॅटरी फुगलेली असेल तर ती काढून टाका आणि थेट चार्जरवर चालवा, फुगलेली बॅटरी आत ठेवणे धोक्याचे असते. आणि डिस्क पुसण्याआधी देणाऱ्याचे फोटो, कागद पेनड्राइव्हवर काढून त्याला परत द्या. काकांच्या मुलीच्या लग्नाचे फोटो त्या डिस्कवर होते. ते त्यांना नेऊन दिले तेव्हा लॅपटॉप दिल्यापेक्षा जास्त आनंद त्यांना झाला.

यानंतर सिस्टीम. लिनक्स हा शब्द तुम्ही ऐकला असेल. लिनस टोरवाल्ड्स या फिनलंडच्या विद्यार्थ्याने १९९१ मध्ये त्याचा गाभा लिहिला. त्याआधी १९८३ मध्ये रिचर्ड स्टॉलमन यांनी जीएनयू प्रकल्प जाहीर केला होता. वापरा, उघडून पाहा, बदला, इतरांना वाटा, ही त्याची भूमिका. या दोन्हींच्या जोडीवर जगभर शेकडो सिस्टीम उभ्या आहेत, त्यांना डिस्ट्रो म्हणतात. गाभा एकच असतो. यंत्रावर भार पडतो तो मुख्यतः वरच्या डेस्कटॉपचा. ग्नोम किंवा केडीई हे भरजरी डेस्कटॉप, तर एक्सएफसीई, एलएक्सक्यूटी आणि आइसडब्ल्यूएम हे साधे. म्हणून 'हलकी सिस्टीम' शोधताना नावापेक्षा डेस्कटॉप कोणता आहे हे पाहा.

मी जे पर्याय तपासले ते रॅमच्या हिशेबाने मांडतो. ४ जीबी असेल तर लिनक्स मिंटची एक्सएफसीई आवृत्ती किंवा एमएक्स लिनक्स. विंडोज वापरलेल्या माणसाला दोन्हींत परके वाटत नाही, खाली पट्टी, डाव्या कोपऱ्यात किंवा बाजूला मेन्यू. गुगलची क्रोमओएस फ्लेक्सही ४ जीबीवर चालते, पण तिथे सगळा कारभार गुगलच्या खात्याभोवती आणि इंटरनेटवर. वस्तीत वीज आणि नेट यांचा भरवसा नसताना ते आम्हाला परवडणारे नव्हते. २ जीबी असेल तर लुबुंटू, एमएक्सची फ्लक्सबॉक्स आवृत्ती किंवा बोधी लिनक्स. हो, बोधी! नाव पाहून आमच्या पोरांनी तीच आधी लावायला सांगितली. एनलाइटनमेंट नावाच्या डेस्कटॉपवरून तिला हे नाव मिळाले, आणि आताच्या तिच्या डेस्कटॉपचे नाव आहे मोक्ष. "बोधी ठीक आहे, पण मोक्ष आपल्याला कुठे हवाय?" यावर अभ्यासिकेत अर्धा तास वाद झाला. सिस्टीम मात्र खरोखर हलकी आहे, ५१२ एमबी रॅमवरही ती उभी राहते.

१ जीबी किंवा त्याहून कमी रॅम आणि ३२ बिटचा प्रोसेसर असेल तर वाट अरुंद होते. उबुंटूने ३२ बिटसाठी नव्या आवृत्त्या काढणे केव्हाच बंद केले. ऑगस्ट २०२५ मध्ये आलेल्या डेबियन १३ मध्येही ३२ बिटच्या जुन्या पीसीसाठी इन्स्टॉलर नाही. क्रोम ब्राउझरने ३२ बिट लिनक्सची साथ २०१६ मध्येच सोडली, आणि २०२५ च्या अखेरीस फायरफॉक्सच्या नेहमीच्या आवृत्त्यांनीही सोडली. उरतात पपी लिनक्सच्या जुन्या आवृत्त्या आणि अँटीएक्स. पपी ऑस्ट्रेलियाच्या बॅरी कौलर यांनी २००३ मध्ये सुरू केली. ती पूर्णपणे रॅममध्ये चढून चालते, पेनड्राइव्हवर खिशात नेता येते. पण ती मुळात एकट्या वापरणाऱ्यासाठी घडवलेली आहे, सगळे अधिकार असलेल्या रूट खात्यानेच चालते. दहा जणांच्या अभ्यासिकेला ते सोयीचे नाही. अँटीएक्सचा उगम ग्रीसमधला. तिचे निर्माते स्वतःला उघडपणे फॅसिझमविरोधी म्हणवतात आणि आवृत्त्यांना लढणाऱ्यांची नावे देतात. अँटीएक्स १९ चे नाव होते मारिएल फ्रँको, म्हणजे २०१८ मध्ये रिओ दी जानेरोत गोळ्या घालून मारलेली कृष्णवर्णीय नगरसेविका. हे कळल्यावर अभ्यासिकेतल्या पोरींनी तिच्याविषयी शोधून वाचले. ऑपरेटिंग सिस्टीमच्या नावाने एखादी चळवळ कळावी, हे मला आवडले. पण नाव आवडले म्हणून सिस्टीम निवडायची नसते.

मग निवडायची कशी? चारही सिस्टीम एकाच पेनड्राइव्हवर घ्या. व्हेंटॉय नावाचे छोटे साधन आहे, त्याने एकाच पेनड्राइव्हवर अनेक सिस्टीम ठेवता येतात. लॅपटॉप सुरू होताना एफ १२, एफ २ किंवा एस्केप, जी कळ लागू असेल ती दाबून पेनड्राइव्हवरून सुरू करा. डिस्कला हात न लावता सिस्टीम चालवून पाहता येते. वायफाय लागते का? आवाज येतो का? झाकण मिटून उघडले की जागी होते का? प्रकाश कमी-जास्त होतो का? मराठी दिसते का? ही पाच उत्तरे मिळाली की अर्धी निवड झाली.

उरलेली अर्धी निवड माणसांची असते. आमच्याकडे सर्वांत हलकी अँटीएक्स होती. लॅपटॉप सुरू झाल्यावर तिने जेमतेम दोनशे एमबीच्या आसपास रॅम घेतली. तरीही काकांच्या लॅपटॉपवर आम्ही एमएक्स लिनक्सची एक्सएफसीई आवृत्ती टाकली, जी त्याच्या दुपटीहून जास्त घेते. कारण सरळ आहे. मी रोज अभ्यासिकेत नसतो. वायफाय गेले, प्रिंटर रुसला, तर बारावीतल्या पोराला मेन्यूतून ते सोडवता आले पाहिजे. जी सिस्टीम फक्त एकालाच चालवता येते, ती कितीही हलकी असली तरी संस्थेसाठी जड आहे. ज्ञान एकाच्या मुठीत राहिले की तो माणूस पुरोहित होतो, मग तो आपल्यातला का असेना. 'दादा आल्याशिवाय चालू होत नाही' असा संगणक मला नको होता. नेटबुकवर मात्र अँटीएक्सला पर्याय नव्हता. तिथे ती टाकली आणि त्याचे काम ठरवून दिले : टायपिंगचा सराव आणि वाचन.

एमएक्स आणि अँटीएक्स या दोघांतही स्नॅपशॉट नावाची सोय आहे. एकदा यंत्र मनासारखे लावले, मराठी कीबोर्ड, फॉन्ट, लिबरऑफिस, वाचनाचे पीडीएफ सगळे बसवले, की त्या अख्ख्या सिस्टीमची प्रत पेनड्राइव्हवर काढता येते आणि दुसऱ्या लॅपटॉपवर तशीच उतरवता येते. त्यासाठी कोणाची परवानगी लागत नाही, परवाना विकत घ्यावा लागत नाही, चोरीही करावी लागत नाही. आमचा पेनड्राइव्ह आता शेजारच्या दोन अभ्यासिकांत गेला आहे.

मराठीचे काय, हा नेहमीचा प्रश्न. युनिकोड मराठी लिनक्सवर उत्तम चालते. नोटो किंवा लोहित हे देवनागरी फॉन्ट टाका, कीबोर्डमध्ये मराठी इनस्क्रिप्ट निवडा. इंग्रजी अक्षरांत टाइप करून मराठी मिळवायची सवय असेल तर आयबस आणि एम१७एन यांची जोडी टाका. अडचण येते ती जुन्या, युनिकोड नसलेल्या फॉन्टमधल्या फायलींची. आपल्या अनेक पत्रकांच्या, स्मरणिकांच्या फायली तशाच पडून आहेत. त्या कोणत्याही सिस्टीमवर फॉन्टवाचून कचराच दिसणार. त्या युनिकोडमध्ये बदलून ठेवणे हे आपले वेगळे आणि तातडीचे काम आहे. वाचनाचे सांगायचे तर, महाराष्ट्र शासनाने १९७९ पासून काढलेले बाबासाहेबांच्या लेखन-भाषणांचे इंग्रजी खंड पीडीएफ रूपात मिळतात. शेकडो पानांचे ते स्कॅन ब्राउझरमध्ये उघडले की जुने यंत्र धापा टाकते. म्युपीडीएफसारख्या हलक्या वाचकात तेच खंड १ जीबीच्या नेटबुकवर उघडतात.

एक गोष्ट स्पष्ट सांगितली पाहिजे, कारण हलक्या सिस्टीमचे गुणगान गाणारे ती सांगत नाहीत. सिस्टीम हलकी झाली तरी वेबसाइट हलक्या होत नाहीत. अर्जाची आणि व्हिडिओची आजची पाने ब्राउझरमध्ये एकेक करून शेकडो एमबी खातात. २ जीबीच्या यंत्रावर चार टॅब हीच मर्यादा समजा. जाहिराती अडवणारे युब्लॉक ओरिजिन टाका, पान निम्मे हलके होते. झेडरॅम सुरू करा, म्हणजे रॅममधला मजकूर दाबून बसवला जातो. व्हिडिओ ४८० वर पाहा. आणि ३२ बिटच्या यंत्रावर बँकेचे व्यवहार करू नका. ब्राउझरचे सुरक्षा अपडेट जिथे संपत आले, तिथे पैशाचे काम करायचे नाही.

आता आक्षेप. पहिला : फुकटात क्रॅक केलेली विंडोज मिळते, मग हा खटाटोप कशाला? त्या 'फुकट' विंडोजमध्ये क्रॅक करणाऱ्याने काय घातले आहे हे तुम्हाला माहीत नसते, आणि आपण त्याच यंत्रात जातीचा दाखला आणि बँक खाते ठेवणार असतो. दुसरा : एमएस-सीआयटीत आणि कार्यालयांत विंडोज आणि एमएस ऑफिसच चालते. खरे आहे. ज्याला त्या परीक्षेचा सराव करायचा आहे त्याने तो विंडोजवरच करावा, अभ्यासिकेत विंडोजचे एखादे यंत्र असेल तर उत्तमच. पण फाइल, फोल्डर, तक्ता, ईमेल, टायपिंग या गोष्टी एकदा हाताला बसल्या की मेन्यूची जागा बदलल्याने अडत नाही. केरळच्या सरकारी शाळांतली लाखो मुले गेली अनेक वर्षे लिनक्सवरच संगणक शिकत आहेत. त्यांच्या नोकऱ्या त्यामुळे अडल्याचे ऐकिवात नाही.

तिसरा आक्षेप सगळ्यांत खोलवर जाणारा. तो घेतला राज्यसेवेची तयारी करणाऱ्या आमच्याच एका पोरीने. ती म्हणाली, "दादा, दुसऱ्यांनी वापरून टाकलेलंच आपल्या वाट्याला का? आपल्या आज्यांनी उतरलेली लुगडी नेसली, आता आपण उतरलेले लॅपटॉप वापरायचे का?"

हा प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नाही. १९२७ च्या मार्चमध्ये महाडच्या परिषदेत बाबासाहेबांनी मृत मांस आणि उष्टे-शिळे तुकडे सोडण्याचे आवाहन केले. वस्तू देणारा देतो तेव्हा सोबत स्वतःचा मोठेपणाही देतो आणि घेणाऱ्याचे खालचेपण पक्के करतो, हे आपल्या पूर्वजांनी भोगले आहे. म्हणून मी तिला दोन गोष्टी सांगितल्या. उष्ट्याचे उष्टेपण वस्तूच्या वयात नसते, त्या नात्यात असते. ते तुकडे मिळायचे ते गावकीची कामे करण्याच्या अटीवर, आणि उद्या पुन्हा हात पसरावा लागेल या खात्रीने. या लॅपटॉपवर कोणाची अट नाही. तो आम्ही उघडला, स्वच्छ केला, आमच्या वर्गणीतून त्यात भाग घातले, आमच्या निवडीची सिस्टीम टाकली. उद्या बिघडला तर आम्हीच दुरुस्त करू. बाबासाहेबांनी स्वतःचा छापखाना उभारला तेव्हा आपला मजकूर दुसऱ्याच्या मर्जीवर राहू नये, ही गरज होती. यंत्र नवे की जुने यापेक्षा ते कोणाच्या ताब्यात आहे, हे पाहा.

दुसरी गोष्ट अशी की तिचा राग बरोबर आहे आणि तो विझू द्यायचा नाही. अभ्यासिकेत जुनी यंत्रे चालू झाली म्हणून वसतिगृहांत, समाजकल्याणच्या शाळांत, ग्रंथालयांत नवे संगणक मागण्याचा आपला हक्क संपत नाही. 'यांचे जुन्यावर भागते' असे कोणी म्हणू लागले तर हीच यंत्रे वापरून निवेदन टाइप करा आणि माहिती अधिकाराचा अर्ज टाका. तिचे समाधान पूर्ण झाले असे मी म्हणणार नाही. "मागणी लिहून द्या, मगच मी यावर बसते," असे ती म्हणाली. त्याच आठवड्यात अभ्यासिकेसाठी नव्या संगणकांची मागणी करणारे निवेदन तिनेच इनस्क्रिप्टवर टाइप केले आणि आम्ही ते पालिकेत देऊन पोच घेतली. उत्तर अजून आलेले नाही. स्मरणपत्राचा मसुदा तयार आहे.

तेव्हा कार्यकर्त्यांनो, प्रत्येक वस्तीत चार-दोन जुने लॅपटॉप कपाटावर धूळ खात पडलेले असतात. नोकरीत असलेल्या आपल्या बांधवांना विचारा, कार्यालयातून निघालेली यंत्रे कुठे जातात ते पाहा. एका रविवारी दोन पोरे आणि दोन पोरी बसवा, पेनड्राइव्ह तयार करा, पाच प्रश्न तपासा, सिस्टीम टाका. आणि हे काम जाणणारा एकटा राहू नका. आज तुम्ही शिकलात तर पुढच्या रविवारी दुसऱ्याच्या हातात स्क्रूड्रायव्हर द्या आणि स्वतः बाजूला बसा.

जयभीम!